समतेचा अभ्यासक उमराव

१७९४ च्या एप्रिल महिन्यात पॅरिसमध्ये माल्झेर्ब नावाच्या बहात्तर वर्षांच्या वृद्धाला गिलोटिनखाली पाठविण्यात आले. राजेशाहीच्या काळात हा माणूस ग्रंथप्रकाशनावर देखरेख करणारा अधिकारी होता आणि त्या अधिकाराचा उपयोग त्याने दिदरोच्या विश्वकोशाला वाचविण्यासाठी केला होता. करांच्या जाचाविरुद्ध त्याने राजापुढे प्रजेची बाजू मांडली होती. पुढे क्रांतीनंतर त्याच राजावर खटला उभा राहिला, तेव्हा राजाचे वकीलपत्र घ्यायलाही तोच पुढे आला. या दुसऱ्या धाडसाची किंमत त्याला मोजावी लागली. त्याच्यासोबत त्याची मुलगी, एक नात आणि नातजावई यांचाही शिरच्छेद झाला. दुसरी नात लुईझ आणि तिचा नवरा एर्वे तुरुंगात आपली पाळी येण्याची वाट पाहात होते. जुलैच्या अखेरीस रोबेस्पिएरची सत्ता कोसळली, म्हणूनच केवळ ते वाचले. एर्वेने तेव्हा बाविशीही गाठली नव्हती, पण तो तुरुंगातून बाहेर आला तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. लुईझ तर त्या धक्क्यातून आयुष्यभर सावरली नाही.

या जोडप्याचा तिसरा मुलगा म्हणजे अलेक्सी द टॉकव्हिल. २९ जुलै १८०५ रोजी तो पॅरिसमध्ये जन्मला. अशा घरातल्या मुलाने समतेच्या नावाने बोटे मोडली असती, तर त्यात नवल नव्हते. त्याच्या वर्गातल्या बहुतेकांनी तेच केले. टॉकव्हिलने मात्र आयुष्यभर एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला. माणसांमधील दर्जाचे भेद मोडत चालले आहेत आणि हा ओघ कुणालाही थोपविता येणार नाही, हे त्याने मनोमन मान्य केले. मग त्याच्यापुढे प्रश्न उरला तो असा, की जुन्या समाजाला बांधून ठेवणारे दोर तुटल्यावर माणसे एकमेकांशी कशाने जोडलेली राहतील? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्याने अमेरिका, इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी आणि अल्जेरिया पाहिले. हिंदुस्थान न पाहताही अभ्यासला आणि अखेर आपल्याच देशाच्या दप्तरखान्यात येऊन तो बसला.

नेपोलियनच्या पाडावानंतर बूर्बाँ राजघराणे परतले आणि एर्वे निरनिराळ्या जिल्ह्यांचा प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडील जिल्हाधिकाऱ्यासारखा अधिकारी, म्हणून काम पाहू लागला. तो मेत्स येथे असताना सोळा वर्षांच्या अलेक्सीने वडिलांचे ग्रंथालय पालथे घातले. अठराव्या शतकातील तत्त्वज्ञांच्या वाचनाने त्याची धर्मश्रद्धा डळमळली, ती पुन्हा पूर्ववत झाली नाही. कायद्याचे शिक्षण घेऊन १८२७ मध्ये तो व्हर्सायच्या न्यायालयात उमेदवार न्यायाधीश झाला. तेथे त्याला ग्युस्ताव द बोमाँ हा जन्मभराचा मित्र मिळाला. १८३० च्या जुलैमध्ये पुन्हा क्रांती झाली, बूर्बाँ राजा परागंदा झाला आणि लुई फिलिप गादीवर आला. नव्या राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ टॉकव्हिलने घेतली खरी, पण आप्तेष्टांच्या दृष्टीने ती गद्दारी होती आणि नव्या सरकारच्या दृष्टीने त्याचे आडनावच संशयास्पद होते. या कोंडीतून सुटण्यासाठी दोघा मित्रांनी एक नामी निमित्त शोधले. अमेरिकेतील तुरुंग-सुधारणांचा अभ्यास करण्याची परवानगी त्यांनी सरकारकडे मागितली. सरकारने परवानगी दिली; प्रवासखर्च मात्र ज्याचा त्याने करावयाचा होता!

मे १८३१ मध्ये ते अमेरिकेत उतरले आणि फेब्रुवारी १८३२ मध्ये परत निघाले. या नऊ महिन्यांत त्यांनी तुरुंग पाहिले नाहीत असे नाही. सिंग सिंग आणि ऑबर्नचे तुरुंग त्यांनी बारकाईने तपासले; फिलाडेल्फियाच्या एकांत कोठड्यांतील कैद्यांशी टॉकव्हिल स्वत: बोलला. १८३३ मध्ये त्यांचा अहवालही प्रसिद्ध झाला. परंतु खरा अभ्यास चालू होता तो समाजाचा. जमीन ज्येष्ठ पुत्राकडे जावी ही युरोपातील उमरावशाहीची रीत तेथे वारसाकायद्याने मोडली होती. त्यामुळे मोठमोठ्या मिळकती एक-दोन पिढ्यांत वाटल्या जात. श्रीमंत होते, गरीब होते, पण श्रीमंती घराण्यात मुक्काम करीत नव्हती. न्यू इंग्लंडच्या गावसभांतून सामान्य माणूस रस्त्याचा आणि शाळेचा कारभार पाहात होता, ज्यूरीत बसून न्यायदानाची जबाबदारी उचलत होता. एखादा पूल हवा असो, रुग्णालय हवे असो की दारूबंदीचा प्रचार करावयाचा असो, माणसे मंडळ स्थापून कामाला लागत. फ्रान्समध्ये अशा वेळी सरकारकडे आणि इंग्लंडमध्ये एखाद्या बड्या लॉर्डकडे पाहिले जाई, हा फरक टॉकव्हिलच्या लगेच लक्षात आला. सत्ता आणि परंपरा यांनी जे बंध घातले होते, ते या समाजात माणसांनी सवयीने विणले होते.

हे सर्व ठाऊक असलेले लोक टॉकव्हिलला अमेरिकेचा भाट समजतात. ते बरोबर नाही. १८३० च्या जनगणनेनुसार त्या देशाच्या सुमारे एक कोटी अठ्ठावीस लाख लोकसंख्येत वीस लाख गुलाम होते आणि टॉकव्हिलने त्यांच्याकडे डोळेझाक केली नाही. त्या वर्षीच्या कडाक्याच्या थंडीत ओहायो नदीतून प्रवास करताना त्याने दोन किनारे पाहिले. उजवीकडे गुलामगिरीला बंदी असलेले ओहायो राज्य, डावीकडे गुलामगिरी चालू असलेले केंटकी. हवा तीच, माती तीच. पण एका तीरावर शेते पिकलेली, घरे नीटनेटकी आणि लगबग; दुसरीकडे विरळ वस्ती, अर्धवट ओसाड शेतांत रेंगाळणारे गुलाम आणि श्रमाला कमीपणा मानणारे, शिकारीत वेळ घालविणारे गोरे मालक. गुलामगिरीने गुलामाचे नुकसान होते हे सांगायला कुणा प्रवाशाची गरज नव्हती; ती मालकाचेही हात आणि मन निकामी करते, हे त्याने या दोन तीरांवरून दाखवून दिले.

याहूनही खोल असे त्याचे निरीक्षण उत्तरेकडचे आहे. जेथे गुलामगिरी रद्द झाली होती, तेथे काळ्यांविषयीची घृणा कमी व्हायला हवी होती. ती उलट अधिक तीव्र असल्याचे त्याला आढळले. पेनसिल्व्हेनियात स्वतंत्र काळ्या नागरिकाला कायद्याने मत देता येत होते, पण मतदानाच्या जागी पाऊल ठेवण्याची कुणाची छाती नव्हती. शाळा वेगळ्या, रुग्णालये वेगळी, चर्चमधली बाके वेगळी आणि दफनभूमीही वेगळी. कायद्याने भिंत पाडली, की समाज ती मनात बांधून घेतो आणि पूर्वी ज्याला खात्रीने दूर ठेवता येत होते, त्याच्या जवळ येण्याची आता धास्ती वाटू लागते. गुलामगिरी आज ना उद्या जाईल, तिने मागे ठेवलेला दुरावा जाणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्याकडे महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला, तेव्हा तेथील कायदा बदललेला होता. टॉकव्हिलचे हे भाकीत मात्र पुढची शंभर वर्षे खरे ठरत राहिले.

डिसेंबर १८३१ मध्ये मेम्फिस येथे मिसिसिपी ओलांडून पश्चिमेकडे हाकलल्या जाणाऱ्या चॉक्टॉ जमातीच्या लोकांना त्याने पाहिले. बर्फ पडले होते, नदीतून हिमाचे तुकडे वाहात होते. आजारी माणसे, तान्ही मुले आणि मरणाला टेकलेले म्हातारे नावेत चढले. कुणी रडले नाही, कुणी तक्रार केली नाही. कुत्री काठावर राहिली होती. आपण मागे राहणार हे उमगताच ती भेसूर रडली आणि गारठलेल्या पाण्यात उड्या टाकून नावेमागे पोहू लागली. हे सर्व कायदेशीर करारानुसार चालले होते, याची नोंद करायला टॉकव्हिल विसरला नाही.

‘डेमोक्रसी इन अमेरिका’चा पहिला भाग जानेवारी १८३५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तिशीही न गाठलेला हा तरुण युरोपभर गाजला. त्याच वर्षी त्याने मेरी मॉटली या इंग्रज तरुणीशी विवाह केला. ती वयाने त्याच्याहून मोठी, मध्यमवर्गीय घरातली आणि हुंडा-मानमरातब यांपैकी काहीच न आणणारी. नातेवाइकांनी नाके मुरडली. समतेचा सिद्धान्त मांडणे वेगळे आणि घरात सून म्हणून तिला उभी करणे वेगळे, हे उमरावांच्या दिवाणखान्यातही खरे होते!

त्याच उन्हाळ्यात बोमाँसह तो इंग्लंड आणि आयर्लंडला जाऊन आला होता. या दौऱ्याच्या नोंदी माझ्या मते त्याच्या अमेरिकाविषयक ग्रंथाइतक्याच मोलाच्या आहेत. मँचेस्टरमध्ये त्याने टेकड्यांवर उभ्या असलेल्या प्रचंड गिरण्या पाहिल्या आणि त्यांच्या सावलीत, नाल्यांच्या काठी, ओलसर तळघरांत दाटीवाटीने राहणारे कामगार पाहिले. जगातील सर्वांत संपन्न देशात सहापैकी एक माणूस सार्वजनिक मदतीवर जगतो आणि पोर्तुगालसारख्या मागास देशात मदत मागणारे तुलनेने थोडे, हे कसे, असा प्रश्न त्याने दारिद्र्यावरील एका निबंधात उपस्थित केला. त्याचे उत्तर असे, की संपत्तीबरोबर गरजा वाढतात आणि काल जी चैन होती तिच्यावाचून आज माणूस दरिद्री ठरतो. कायद्याने दिलेली मदत घेणाऱ्याला कमीपणा आणते आणि देणाऱ्याला नाखूश करते, त्यामुळे दोघांमध्ये स्नेह उरत नाही, असेही तो म्हणतो. मदत हा हक्क असण्यात काही प्रतिष्ठाही असू शकते, हे मात्र त्याने पुरेसे जोखले नाही. विसाव्या शतकातील स्वीडन किंवा ब्रिटन त्याला पाहायला मिळाले असते, तर हा निबंध त्याला नव्याने लिहावा लागला असता.

आयर्लंडमध्ये त्याला तुलनेसाठी जणू प्रयोगशाळाच सापडली. इंग्लंड आणि आयर्लंड या दोन्ही देशांत जमीन मूठभर सरदारांच्या हाती होती, कायदे बरेचसे सारखे होते, सरदारांचे मूळही एकच. तरीही इंग्लंडमध्ये कुळे आणि जमीनदार एका समाजाचे घटक वाटत आणि आयर्लंडमध्ये ते दोन शत्रू होते. तेथील जमीनदार जिंकून आलेला, परधर्माचा आणि पुष्कळदा परगावी राहणारा. खंड घेण्यापलीकडे कुळाशी त्याचे नाते नव्हते. उपाशी माणसाला घासातला घास देत होता तो दुसरा गरीबच. विषमतेचे प्रमाण किती, यापेक्षा वरच्याला खालच्याविषयी काही कर्तव्य वाटते की नाही, यावर समाजाचे टिकणे अवलंबून असते, हे सूत्र टॉकव्हिलला येथे पक्के गवसले. दहाच वर्षांनी, १८४५ मध्ये, बटाट्याचे पीक गेले आणि आयर्लंडमध्ये जो महादुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली.

हेच सूत्र घेऊन १८४० मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात त्याने नव्या कारखानदारांकडे बोट दाखविले. जुना सरदार आपल्या माणसांना संकटात सांभाळण्यास निदान रिवाजाने तरी बांधलेला होता. कारखानदार कामगाराला राबवून घेतो आणि मंदी आली, की सार्वजनिक दानधर्माच्या स्वाधीन करतो. दोघे रोज भेटतात, पण एकमेकांना ओळखत नाहीत. समतेच्या युगात विषमता पुन्हा शिरकाव करील ती याच दाराने, असे त्याने बजावले. ज्या देशाला त्याने समतेचा नमुना मानले, तोच देश आज श्रीमंत राष्ट्रांमध्ये उत्पन्नाच्या सर्वाधिक विषमतेसाठी ओळखला जातो, हे पाहता या छोट्या प्रकरणाकडे अभ्यासक वारंवार का वळतात ते कळते.

१८३९ मध्ये तो नॉर्मंडीतील व्हालोन्यमधून संसदेवर निवडून आला. १८४१ मध्ये फ्रेंच अकादमीचे सदस्यत्वही मिळाले. शरीर किरकोळ, आवाज बारीक आणि स्वभाव अलिप्त. त्यामुळे तो सभा जिंकणारा वक्ता कधीच झाला नाही. फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी रद्द करण्याचा अहवाल त्याने १८३९ मध्येच मांडला. ती प्रत्यक्षात रद्द व्हायला १८४८ साल उजाडले. पण याच टॉकव्हिलने अल्जेरियाच्या बाबतीत वेगळा पवित्रा घेतला. १८४१ मध्ये तो तेथे जाऊन आला आणि अरबांची पिके जाळण्यासारख्या उपायांचे त्याने युद्धाची गरज म्हणून समर्थन केले. १८४७ च्या संसदीय अहवालात, फ्रेंच राजवटीने तेथील मुस्लिम समाजाला पूर्वीहून अधिक दीन आणि अज्ञानी करून टाकले, अशी कबुली त्यानेच दिली; परंतु वसाहतच नको, असे मात्र तो कधी म्हणाला नाही. आयर्लंडमध्ये जे त्याला लख्ख दिसले होते, ते स्वत:च्या राष्ट्राचा झेंडा मध्ये आल्यावर धूसर झाले.

हिंदुस्थानवर एक ग्रंथ लिहिण्याचा संकल्पही त्याने १८४० नंतर केला होता. मूठभर इंग्रजांनी एवढा विशाल देश कसा जिंकला, हे त्याला कोडे होते. जातींनी विभागलेल्या समाजात परस्परांविषयी आपुलकी निर्माण होत नाही, म्हणून राज्यकर्ता बदलला तरी बहुसंख्यांना त्याचे सोयरसुतक नसते, अशा दिशेने त्याची टिपणे जातात. ग्रंथ झाला नाही. १८५७ च्या उठावाच्या वेळी त्याची सहानुभूती इंग्रजांच्या बाजूने होती. तरीही शंभर वर्षांत तुम्ही त्या लोकांसाठी अपेक्षेप्रमाणे काही केले नाही आणि गोऱ्या वसाहतवाल्यांचा उद्दामपणा जुलमापेक्षा अधिक झोंबतो, हे त्याने आपल्या इंग्रज मित्रांना पत्रांतून सुनावले.

जानेवारी १८४८ मध्ये त्याने संसदेला इशारा दिला, की आपण ज्वालामुखीवर झोपलो आहोत. कामगारांचा रोख आता मंत्रिमंडळावर नसून मालमत्तेवर आहे. सभासद हसले. महिन्याभरात राजा पळून गेला. एप्रिलमध्ये फ्रान्समधील सर्व प्रौढ पुरुषांनी मतदान केले, तेव्हा टॉकव्हिल गावचे मतदार रांगेने शेजारच्या गावी मतदानाला निघाले. रांग आडनावांच्या अक्षरक्रमाने होती. गढीचा मालक आपल्या अक्षरापाशी, शेतकऱ्यांच्या मधोमध चालला. हे चित्र त्याला मनापासून आवडले होते.

जूनमध्ये पॅरिसचे कामगार बंड करून उठले आणि चित्र पालटले. रस्त्यांवर अडथळे उभे राहिले, चार दिवस रक्तपात चालला. बंड मोडलेच पाहिजे, याविषयी टॉकव्हिलच्या मनात किंतु नव्हता. त्याच दिवसांत त्याच्या कानावर आले, की तो राहात असलेल्या इमारतीचा द्वारपाल, एक दारूबाज माजी सैनिक, त्याला ठार मारण्याच्या गोष्टी करीत आहे. मध्यरात्री तो घरी परतला, तेव्हा त्याच माणसाने दार उघडले आणि मागच्या चौकात काही आवाज येत असल्याचे सांगून तिकडे चलण्याची विनंती केली. टॉकव्हिलने खिशातल्या पिस्तुलावर हात ठेवला आणि त्याला पुढे चालायला लावले. काहीच घडले नाही. पण समाजातील बंधांचा सर्वांत मोठा अभ्यासक आपल्याच दारवानाच्या मागून हाती पिस्तूल घेऊन चालतो आहे, हा प्रसंग त्याच्या आठवणींच्या पुस्तकात आहे आणि तो त्याने लपविला नाही, हे त्याचे मोठेपण. त्या सप्टेंबरमध्ये राज्यघटनेत कामाचा हक्क घालण्यास मात्र त्याने कडाडून विरोध केला.

१८४९ मध्ये पाच महिने तो परराष्ट्रमंत्री होता. २ डिसेंबर १८५१ रोजी लुई नेपोलियनने संसद उलथून टाकली. निषेध करणाऱ्या सभासदांबरोबर टॉकव्हिललाही अटक झाली. सुटकेनंतर त्याने राजकारण सोडले. क्षयाने आधीच गाठले होते. तूर शहरातील दप्तरखान्यात बसून त्याने क्रांतिपूर्व फ्रान्सची कागदपत्रे वाचून काढली, जर्मनीशी तुलना करता यावी म्हणून वयाच्या पन्नाशीत जर्मन भाषा शिकला आणि १८५४ मध्ये तिकडे जाऊन आला. १८५६ मध्ये ‘जुनी राजवट आणि क्रांती’ हा ग्रंथ आला.

आपल्या आजोळची माणसे वधस्तंभाकडे का गेली, याचाच हा शोध म्हणावा लागेल. त्याला आढळले ते असे. जर्मनीच्या बऱ्याच भागांत शेतकरी अजून भूदास होता, तेथे क्रांती झाली नाही. फ्रान्समधील शेतकऱ्याचे जोखड कधीच सैल झाले होते, पुष्कळांकडे स्वत:ची जमीन होती आणि तेथेच आगडोंब उसळला. कारण फ्रान्सच्या उमरावांनी गावाचा कारभार, न्यायदान, रक्षण ही सारी कामे राजाच्या अधिकाऱ्यांना सोडून दिली आणि करमाफी व मानपान तेवढे जवळ ठेवले. ‘ताय’ नावाचा कर शेतकऱ्याने भरायचा, उमरावाने नाही. शिक्षण, पोशाख, आवडीनिवडी यांत सुखवस्तू मध्यमवर्ग आणि उमराव एकसारखे होत गेले आणि तसतसे एकमेकांपासून तुटत गेले. इंग्लंडमध्ये उमराव कर भरत होता, गावकीत बसत होता आणि व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न करीत होता. फ्रान्सच्या उमरावांसाठी टॉकव्हिलने ‘कास्ट’ म्हणजे जात हाच शब्द वापरला आणि जात खरोखर मोडली की नाही हे पाहायचे असेल तर लग्ने तपासा, अशी कसोटी दिली. इंग्लंड त्या कसोटीला उतरले, फ्रान्स नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये जातिनिर्मूलनाचा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहावर जे बोट ठेवले, त्याची येथे मराठी वाचकाला आठवण व्हावी.

याच काळात त्याचा जुना सहकारी गोबिनो याने मानववंशांच्या जन्मजात विषमतेचा सिद्धान्त मांडणारा ग्रंथ लिहिला. टॉकव्हिलने स्नेह राखूनही तो साफ धुडकावला. असा सिद्धान्त खरा असण्याची शक्यता कमी आणि घातक असल्याची खात्री पुरेपूर, असे त्याचे मत होते. १८५५ मध्ये अमेरिकेतील गुलामगिरीविरोधकांच्या एका वार्षिकासाठी त्याने गुलामीचा जाहीर निषेधही लिहून पाठविला.

क्रांतीवरील ग्रंथाचा दुसरा खंड अपुरा राहिला. १६ एप्रिल १८५९ रोजी दक्षिण फ्रान्समधील कान येथे, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, टॉकव्हिल मरण पावला. त्याला मूल नव्हते. नॉर्मंडीतील टॉकव्हिल गावातच त्याचे दफन झाले आणि त्याचे उरलेसुरले लिखाण बोमाँने छापून काढले. दोन वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. ओहायोच्या डाव्या तीरावरचे केंटकी संघराज्यातून फुटले नाही, पण तेथील गुलामगिरी संपली ती डिसेंबर १८६५ मध्ये, राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने. त्या दुरुस्तीला केंटकीच्या विधिमंडळाने आपली संमती दिली १९७६ मध्ये.